कानामागे तीन सेंटिमीटर

केस महिन्याला एक सेंटिमीटर वाढतो.
हे मला कुठल्या प्रयोगशाळेनं शिकवलेलं नाही.
एकतीस वर्षं रोसारिओत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
लोकांच्या माना वाकवत आलोय मी.
माझे स्वतःचेही काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत.

बासुआल्दो आला तो मंगळवार.
दुकान बंद करून मी कंगवे गरम पाण्यात टाकले होते.
आमचा गोलकीपर. काटकुळे पाय,
आणि पुढच्यांवर नव्वद मिनिटं अखंड ओरडणं,
म्हणून गावानं नाव ठेवलेलं टेरो. टिटवी.
टिटवी घरट्यापासून लांब जाऊन ओरडते,
हे आम्हा नदीकाठच्यांना माहीत असायला हवं होतं.

म्हणाला, एल्वियो, सगळे काढ.
खांद्यावर रुळणारे, छातीवरचे, हातांवरचे.
भुवया राहू देत.
मग आरशात बघून, नको, त्याही.
गुरुवारी चाचणी होती.
लघवी चार दिवसांत विसरते, केस विसरत नाहीत.
नखं त्यानं आधीच मांसापर्यंत कुरतडलेली.
मी काही विचारलं नाही.
नवं पातं लावलं.

क्लबच्या डॉक्टरनं लिहून दिलं, त्वचारोग.
अध्यक्ष म्हणाले, आमच्या टेरोच्या केसाला धक्का लागू देणार नाही,
आणि स्वतःच हसले.
रविवारी रेडिओनं परस्पर ठरवलं
की आजारी पोरांसाठी बोललेला नवस आहे.
त्यानं नाही म्हटलं नाही. पेनल्टी अडवली.
सोमवारी माझ्या दारात त्रेचाळीस मुलं,
टेरोसारखं करा, टेरोसारखं.
मी निम्मे पैसे घेतले. घेतले, सोडले नाहीत.
पहिला बसला मिल्टन,
माझ्याकडे झाडू मारणारा, वय सोळा.

पाकिटं मिल्टनच आणायचा, टॉवेलांच्या गठ्ठ्यात,
आठ महिन्यांपासून.
मला ठाऊक होतं.
आपल्या दुकानातली झुरळाची वाट कोणाला ठाऊक नसते?

अकरा आठवड्यांनी, मार देल प्लाताच्या हॉटेलात,
टब, वाहता नळ, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईची तक्रार
की छतातून पाणी गळतंय.
संध्याकाळपर्यंत गाव रस्त्यावर, मेणबत्त्या, ढोल.
फोनमधला शेवटचा नंबर मिल्टनचा निघाला.
टॉवेलांबद्दल तो बोलला नाही. एवढी समज त्याला कुठून आली?
सज्ञान झाल्यावर शिक्षा ऐकवली, नऊ वर्षं.
त्याच महिन्यात पालिकेनं धक्क्यावरच्या भिंतीवर
टेरो रंगवला, पंखांसकट,
खांद्यावर रुळणाऱ्या केसांसकट.

मढं सजवायला मलाच बोलावलं होतं.
वर अडीच, कानामागे तीन.
भांग पडेना, पाण्यानं बसवला.
मुळाशी त्याचा शेवटचा आठवडा होता,
टोकाशी माझा मंगळवार.
केसानं गळा कापणं म्हणतात ते वेगळं,
मी केस काढून कापला.
त्या गुरुवारी सापडला असता तर दोन वर्षं बंदी,
शिव्या, एखादं बारकं बार काढलं असतं त्यानं,
जाडा झाला असता.

मंगळवारचे केस मी फेकले नाहीत.
बॉयलरमागे कॉफीच्या डब्यात आहेत.
सव्वीस सेंटिमीटर, म्हणजे दोन वर्षं आणि वर थोडं.
कुणीही मोजलं तर दिसेल
की टोकाकडचे कितीतरी महिने असे आहेत
जेव्हा मिल्टन शाळेत होता, आणि गणितात नापास होत होता.
न्यायाधीशांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय?
मी टोपी हातात घेऊन उभा होतो. नाही म्हणालो.

परवा तुरुंगातून पत्र आलं.
तिथे त्याला कात्री दिलीय, बोथट, साखळीला बांधलेली.
एकाचा कान थोडा कापला म्हणे.
विचारतो, तुम्ही उजवीकडून सुरुवात करायचात की डावीकडून?

सोपा प्रश्न आहे.
अजून उत्तर लिहिलेलं नाही.